गढीतला चौथा डबा

मरोळच्या टेकडीवरच्या फिरंगी गढीत त्या रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कुणा पोर्तुगीज जमीनदाराचं ते तटबंदीचं घर. आता दोन बुरूज आणि चार भिंती तेवढ्या उरलेल्या. चाफ्याखाली कप्तानबाबा घुमत होते. त्यांच्या अंगात चारशे वर्षांपूर्वीचा फिरंगी कप्तान आला होता आणि नवल म्हणजे तो अस्खलित मराठी बोलत होता!

"मी फर्नांद कप्तान! हुं फट्! खण, अंबादास!"

चेल्याने फावडं मारलं. वीतभर खाली तांब्याचा हिरवट गडू लागला. आत पिवळीधमक नाणी. लोकांनी धडाधड डोकी टेकली.

अनुपमाबाई गर्दीच्या कडेला कपाळावर हात मारून उभ्या होत्या. सातवी 'ब'च्या मुलांसाठी त्यांनी गढीत एक खेळ मांडला होता. चार डबे लपवायचे, प्रत्येकात रबरी शिक्का आणि वही. खुणांवरून डबा शोधायचा, आपल्या वहीत शिक्का उमटवायचा, डब्यातल्या वहीत नाव लिहायचं आणि डबा होता तिथे ठेवून द्यायचा. मुलांना तीन सापडले. चौथा काही केल्या मिळेना, म्हणून तो काढायला त्या स्वतः आल्या होत्या. तो पुरला होता पश्चिमेच्या बुरुजापासून पंधरा पावलांवर, चाफ्याखाली. म्हणजे थेट बाबांच्या पायाखाली!

त्यांना हसू फुटणार, तोच पहिल्या रांगेत त्यांना सासूबाई दिसल्या. मालनबाई हातातल्या बांगड्या काढत होत्या.

"सोन्याला सोनं ओढतं!" बाबा गरजले. "दागिने ह्या खड्ड्यात पुरा. सात दिवस इकडे फिरकू नका. आठव्या दिवशी दुप्पट!"

"आई, थांबा!" अनुपमाबाई पुढे घुसल्या.

"गप रव गो! शाळेतला शिक्षान शाळेत ठेव!" मालनबाईंनी सुनेला दटावलं.

अनुपमाबाईंनी बाबांना हात जोडले. "बाबा, एकच शंका. गडू इथे किती वर्षं होता?"

"चारशे! तेव्हापासून ह्या मातीला मानवाचा हात लागलेला नाही!"

"जरा मोठ्याने सांगा ना, मागच्यांना ऐकू आलं नाही."

बाबांनी खूश होऊन पुन्हा सांगितलं.

"मग आणखी हातभर खणू या की. खाली मोठा खजिना असेल!"

बाबांचा चेहरा पडला. "खाली नाग आहे! कप्तानाचा कोप होईल!"

"कप्तान तर तुमच्याच अंगात आहे. विचारा त्याला," गर्दीतला लवू फिटर म्हणाला आणि अंबादासच्या हातातलं फावडं घेऊन खणू लागला. खण्णकन आवाज झाला. चपटा दगड. दगडाखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला बिस्किटांचा डबा.

लवूने वही उघडून वाचलं, "इयत्ता सातवी 'ब'. डबा क्रमांक चार. पुरला, ७ डिसेंबर १९८६."

सगळे खड्ड्याभोवती दाटले.

"तीन आठवड्यांपूर्वी मी पुरला," अनुपमाबाई म्हणाल्या. "मग त्याच्या वरचा गडू चारशे वर्षांचा कसा? रद्दीच्या ढिगात वरचा पेपर नंतरचाच असतो ना? माती मी भुसभुशीत केलेली. गडू पुरताना बाबांना खणायला सोपी गेली. दगड लागला तिथे ते थांबले."

"ही... ही कप्तानाची माया!" बाबा पुटपुटले.

"कप्तान सातवी 'ब'त आहे काय रे?" मागून कुणीतरी ओरडलं आणि गढी हसण्याने दणाणली. लवूने एक नाणं खिळ्याने खरवडलं. "शिसं! आणि तांब्याला मीठ-व्हिनेगर चोळून चार दिवस ठेवलं की असाच हिरवा रंग चढतो. आमच्या वर्कशॉपमध्ये येऊन बघा." बाबा आणि अंबादास मागच्या भिंतीकडे सरकू लागले, तशी पोरांनी त्यांना तिथेच अडवलं. कुणीतरी पोलीस चौकीकडे धावलं.

मालनबाई बांगड्या हातात चढवत सुनेजवळ आल्या. "तुका पयल्यापासून म्हायत होता, मगे सरळ सांगलंस कित्याक नाय?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंत?"

मालनबाईंनी जरा विचार केला. "नाय," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या.

मंडळी, इथेच तर घोळ होतो. माणसाचं ऐकायला आपण तयार नसतो, अंगात आलेल्याचं मात्र लगेच ऐकतो. तेव्हा पुढच्या वेळी चमत्कार दिसला, तर हात जोडायच्या आधी हे कशावरून, एवढं विचारा. खऱ्या गोष्टीला प्रश्नाचं भय नसतं.