पडून दाखवा

"आजोबा, तुम्ही बसताय. बसायचं नाही, पडायचं," इंजिनिअर पुन्हा म्हणाला.

सासरे धापा टाकत गादीवरून उठले. म्हातारे माणूस घरात पडले की भिंतीवरचा डबा ओरडणार आणि कंपनीचा मदतनीस धावत येणार, अशी ती योजना होती. वस्तीतल्या घरांत तिची चाचणी चालली होती. डबा चालला तर सून त्यांना एकटे ठेवून शिलाईच्या कारखान्यात जाऊ शकणार होती. नाही तर नोकरी सोडायची. घरात तिसरे कोणी नव्हते.

आज ते पाहायला पाहुणे आले होते आणि डबा मुका होता. सासरे पडताना आधी गुडघा टेकत, मग हात.

"फारच शिस्तीत पडतात बाई हे!" कंपनीच्या मॅडम म्हणाल्या. पाहुणे हसले.

"अहो, जन्मभर न पडायची सवय. एका दिवसात कशी मोडणार?" सासरेही हसले.

त्यांचा पायजमा कमरेखाली घसरला होता. सून तो सावरायला पुढे झाली, तोच मोबाइलवर चित्रण करणारा पाहुणा म्हणाला, "राहू द्या, अस्सल वाटतंय."

मॅडमना उपाय सुचला. "घरच्याच माणसानं मागून जरासा धक्का दिला तर? गादी आहेच."

सुनेने त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला. घामाने ओल्या सदऱ्याखाली हाडे थरथरत होती.

"दे गं, लाजू नकोस," ते कुजबुजले. "तुझी नोकरी राहायला हवी."

गादी जाड आहे, फार लागणार नाही, असा हिशेब तिच्या मनात क्षणभर झालाही. मग घासात केस लागावा तशी तिला स्वतःची किळस आली. हात काढून तिने आधी पायजम्याची नाडी बांधली. मग स्टुलावर चढून डबा उपटला आणि पोपडे उडालेल्या गिलाव्यासकट मॅडमच्या हातात दिला.

"तुमच्या वडिलांना पाडून बघा."

"बाई, नुकसान तुमचंच आहे."

"माहीत आहे. निघा."

दार लागल्यावर सासरे रुसल्यासारखे भिंतीकडे तोंड करून बसले.

"तू ढकललं असतंस, तर मी काही मनावर घेतलं नसतं."

"तेच तर, आबा," ती म्हणाली.