वाढलेलं टाकायचं न्हाय

आमच्या सासरी 'नको' या शब्दाला काही किंमत नाही. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरला तर बोटांच्या फटीतून वाढायचं, दोन्ही हात धरले तर शपथ घालायची. आणि एकदा ताटात पडलं की विषय संपला. वाढलेलं टाकायचं न्हाय. हा कायदा माझ्या नणंदेचा, म्हणजे आक्कांचा. लग्नानंतरच्या पहिल्या पंगतीला मी अर्धी पुरणपोळी ठेवली, तर त्या माझ्याशेजारी मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "सावकाश खा. मी बसतो की हितं." ती अर्धी पोळी कशी संपवली ते मला आणि माझ्या पोटालाच माहीत.

या कायद्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे माझा नवरा. अमरसिंह लहान असतानाच सासूबाई गेल्या आणि परकरातल्या आक्कांनी धाकट्या भावाला वाढवलं. देण्यासारखं त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून त्यांनी खायला दिलं. पुढं त्यांचं लग्न कुरुंदवाडला झालं. मूलबाळ झालं नाही आणि नवराही लवकर गेला. दीर-जाऊ चांगले आहेत, शेती आहे, म्हशी आहेत, पण आक्कांचा जीव कोल्हापुरात अडकलेला. शाहूपुरीत आमचं शेतीपंपाच्या सामानाचं दुकान आहे. तिथं दिवसभर गल्ल्यावर बसून आणि आक्कांच्या हातचं खाऊन अमरसिंह एकशे छत्तीस किलोंचे झाले. एसटीत बसले की शेजारचा माणूस आपणहून उभा राहायचा. लोक हसायचे आणि तेही हसायचे. मी हसत नव्हते, कारण रात्रीचं घोरणं आणि जिना चढल्यावरची धाप मला ऐकू येत होती.

मग आक्कांच्या किडन्या गेल्या. बीपीच्या गोळ्या बाईंनी मनानंच बंद केल्या होत्या, 'बरं वाटतंय की आता' म्हणून. आठवड्यातून दोनदा कोल्हापूरला डायलिसिस सुरू झालं. कुरुंदवाडची एसटी, मग रिक्षा, मग अर्धा दिवस त्या मशीनशेजारी पडून राहायचं. पाणी मोजून प्यायचं, मीठ बेतानं, फळं जवळजवळ बंद. खाणाऱ्याचं खाणं गेलं, पण रांधणाऱ्याचे हात काही गप्प बसेनात. त्यामुळं झालं एवढंच, की भावाचा डबा आणखी मोठा झाला.

घरातलं कोणी किडनी देऊ शकेल का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आक्का खाटेवर ताडकन उठून बसल्या. "भावाचं नाव काढायचं न्हाय. त्याची पोरगी बारावीला हाय. परत इचारलासा तर मी हितं येतच न्हाय," म्हणाल्या. डॉक्टरांनी परत विचारलं नाही. अमरसिंहच दुसऱ्या दिवशी गुपचूप जाऊन रक्त देऊन आले. रक्तगट जुळला. पण पुढच्या तपासण्यांच्या आधीच डॉक्टरांनी फाईल मिटली. "या वजनात मी तुमची किडनी काढणार नाही. उद्या तुम्हालाच मशीनवर झोपवायची वेळ येईल. नव्वदच्या आत या, मग बोलू."

घरी आल्यावर मी भांडले. खोटं कशाला सांगू? मला आक्का हव्या होत्या आणि नवराही अख्खा हवा होता. मी बोलबोल बोलले, आमच्या राजनंदिनीच्या शिक्षणापासून ते माझ्या म्हातारपणापर्यंत सगळं काढलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "संयू, मला दोन हायत. तिला एक पण न्हाय."  मी रडले आणि भांडण सोडलं. निदान या निमित्तानं वजन तरी उतरेल, हा माझा स्वार्थ होता, तोही सांगून टाकते.

आधी आम्ही साधे उपाय केले. मोजून भाकरी, काकडी, ताक, रोज पहाटे रंकाळ्याला चक्कर. रंकाळ्यावर फिरायला येणारी निम्मी माणसं नंतरच्या मिसळीसाठी येतात, हे मला तेव्हा कळलं. नऊ किलो उतरले. मग गणपती आले, दिवाळी आली, आणि अकरा किलो चढले. इकडं आक्का दर आठवड्याला थोड्या जास्त वाळत होत्या. शेवटी ऑपरेशन करायचं ठरलं. दुर्बिणीतून पोटाची पिशवी कापून छोटी करायची, म्हणजे थोडक्यात पोट भरतं. सर्जन सरळ माणूस होता. म्हणाला, "ही मी तुमच्या हातात काठी देतोय. चालायचं तुम्हालाच आहे."

आक्कांना आम्ही गुडघे आणि घोरणं एवढंच कारण सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "पैसं भरून उपाशी ऱ्हाणारा माणूस पयल्यांदाच बघतोय मी."

ऑपरेशननंतर नर्सनं सांगितलं की पंधरा दिवस फक्त पातळ द्यायचं. आक्का शेजारीच उभ्या होत्या. "एवढंच व्हय?" म्हणाल्या आणि त्यांचा चेहरा खुलला. पुढच्या डायलिसिसच्या दिवशी किटली घेऊन हजर. झाकण उघडलं तर पांढरा रस्सा. मटणाचा अर्क, नारळाचं दूध, तीळ, खसखस, वर तुपाचा तवंग. "तांबडा मुद्दाम आणला न्हाय, तिखट बाधंल म्हणून," असं वर मलाच समजावलं. मी चहा आणायला खाली गेले होते तेवढ्यात अर्धी वाटी पोटात गेली होती. त्या रात्री अमरसिंहांनी जे भोगलं ते बघून नर्सनं आम्हा सगळ्यांना झापलं. आक्का पदर तोंडाला लावून कोपऱ्यात उभ्या. "पातळच हुतं की गं," एवढंच म्हणत राहिल्या.

पण त्यानंतर गाडी रुळावर आली. वाटीभर जेवण, तेही चमच्यानं आणि चावून चावून. जेवताना पाणी नाही. पहाटे रंकाळा, संध्याकाळी व्यायामशाळेत हलकी वजनं. पहिल्या महिन्यात अर्ध्या चकरेत बाकडं शोधणारा माणूस पुढं मला मागं टाकून जायला लागला. पँटी आल्टर केल्या, मग नव्या घेतल्या. घोरणं थांबलं, तर उलट मीच दचकून उठायची आणि श्वास चालू आहे ना बघायची. नवरा कमी होत चालला होता आणि मला तो जास्त आवडत होता, असंही म्हणायला हरकत नाही.

आणि मग एकशे दोनवर काटा थांबला. महिना गेला, दुसराही गेला. काटा हलेना. डॉक्टरांनी विचारलं, "गोड खाताय का?" अमरसिंह नाही म्हणाले. मीही शेजारून ठामपणे मान हलवली, जणू मी चोवीस तास त्यांच्या तोंडावर पहारा देत होते. त्याच दिवशी बाहेर पडताना डॉक्टरांनी मला एकटीला थांबवून सांगितलं की आक्कांची तब्येत फार दिवस वाट बघू देणार नाही.

पतसंस्थेतलं माझं काम दुकानापासून जवळच. त्या आठवड्यात एका दुपारी अमरसिंह घरी विसरलेली औषधं द्यायला मी दुकानात गेले. गल्ल्यामागं स्टुलावर आक्का बसलेल्या, हातावर डायलिसिसची ताजी पट्टी. आणि समोर माझा नवरा वाटीत चमचा घालून बासुंदी खात होता. घरच्या म्हशीच्या दुधाची, चांगली आटवलेली, वर चारोळ्या. आक्का त्याच्या तोंडाकडं बघत होत्या. आपल्याला घोटभर पाण्याचीही चोरी असलेली ती बाई, आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान, की मी क्षणभर दारातच थांबले.

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"पातळच हाय की," आक्का म्हणाल्या. "भाकरी जात न्हाय त्याला. हे घोटाघोटानं जातंय."

अमरसिंहांनी वाटी खाली ठेवली. "तिनं आणलेलं नको कसं म्हणू संयू? तिला काय खाता येत न्हाय. मी खाल्लं की तिला बरं वाटतंय."

माझं डोकं फिरलं. दुकानात गिऱ्हाईक होतं, तरी मी आवाज खाली केला नाही. "आक्का, या बासुंदीत तुम्ही स्वतःचीच किडनी बुडवायला लागलाय! हे पोट गुडघ्यांसाठी कापून घेतलेलं नाही. हे नव्वदच्या आत आले तरच डॉक्टर यांची किडनी घेणार. तुमच्यासाठी! आणि तुम्ही इथं बसून चमच्यानं वजन वाढवताय!"

गिऱ्हाईक नटबोल्ट तिथंच ठेवून निघून गेलं.  आक्कांनी डब्याला झाकण लावलं, तो पिशवीत ठेवला आणि उठल्या.

"मला नको," म्हणाल्या. त्या घरातल्या बाईच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मग रिक्षाही न बघता त्या चालत स्टँडकडं गेल्या.

पुढच्या डायलिसिसला त्या आल्या नाहीत. फोन उचलेनात. रात्री त्यांच्या जावेचा फोन आला, की तोंडावर सूज आलीय, धाप लागतेय, पण ऐकत नाहीत. म्हणतात, माझ्यापायी पोट कापून घेतलंय, मी मेलो तर भावाचं बाकीचं अंग तरी वाचंल. मला माझ्याच जिभेचा राग आला. खरं बोलायचंच होतं, पण असं गिऱ्हाइकासमोर दगड मारल्यासारखं बोलायची गरज नव्हती.

सकाळची पहिली एसटी धरून आम्ही कुरुंदवाडला निघालो. आमची गाडी नेमकी गॅरेजला होती. तिघांच्या बाकावर आम्ही दोघं बसलो, आणि हातकणंगल्याला एक म्हातारी टोपली घेऊन चढली आणि आमच्याशेजारी बसली. टोपलीसकट मावली. अमरसिंहांनी माझ्याकडं बघितलं, पण दोघांनाही हसू आलं नाही.

आक्का सोप्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे सुजून बारीक झालेले, पायांवर बोट दाबलं तर खड्डा राहावा अशी सूज. तरी आम्हाला बघून त्या उठल्या, जाऊबाई 'नको, नको' म्हणत असताना चुलीपाशी गेल्या आणि धापा टाकत दोन ताटं घेऊन आल्या. भाकरी, झुणका, वांगं, दही, लोण्याचा गोळा. रागातसुद्धा वाढण्यात कसर नव्हती.

"जेवा आणि जावा," म्हणाल्या.

अमरसिंहांनी ताटाला हात लावला नाही. "आक्का, मी नको म्हटलेलं तू कधी ऐकलंस?"

"न्हाय."

"शपथ घालून वाढलंस."

"व्हय, वाढलं. मग?"

"मग आता मी वाढतोय. नको म्हणायचं न्हाय. आणि वाढलेलं टाकायचं न्हाय."

आक्का त्यांच्याशेजारी खाली टेकल्या. "भाकरी आणि किडनी एकच व्हय रं?"

"तुझ्या भाकरीचीच झालीय की ती. माझ्या अंगात दुसरं काय हाय?"

आक्कांनी त्यांच्या पाठीत एक दणका घातला. मग दुसरा. मग तोच हात पाठीवर तसाच राहिला आणि त्या रडायला लागल्या. पूर्वी त्या हाताला पाठीचा निम्मा भाग सापडायचा नाही, आता पाठ सापडत होती. जाऊबाई दारात डोळे पुसत उभ्या होत्या आणि माझीही तीच गत होती.

जरा वेळानं आक्कांनी माझ्याकडं तोंड केलं. "संयोगिता, नवरा तुझा हाय. तुला चालंल?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला पुष्कळ वाढलं होतं, सांगितलं होतं, सुनावलं होतं, पण विचारलं कधी नव्हतं. मी खरं तेच सांगितलं. "भीती वाटते आक्का. फार वाटते. पण चालेल."

त्यांनी मान हलवली. पदरानं तोंड पुसलं आणि वाकून अमरसिंहांच्या समोरचं ताट स्वतःकडं ओढलं. लोण्याचा गोळा उचलून परत वाडग्यात टाकला. अख्खी भाकरी उचलली, तिचा चतकोर मोडला, चमचाभर झुणका आणि थोडं दही ठेवलं आणि ताट परत त्यांच्यापुढं सरकवलं.

"एवढंच खा," म्हणाल्या. "चावून खा. आणि आवर लवकर, दवाखान्याची एसटी चुकायला नको."

बावीस वर्षं मी आक्कांच्या पंगतीला बसतेय. वाढलेलं परत उचलताना त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.