मी तरसाला पाठ दाखवली नाही

मित्रांनो, सगळ्यात वेगवान जनावर कोणतं असं विचारलं की तुमचं बोट माझ्याकडे येतं. सगळ्यात शूर कोणतं असं विचारलं की तेच बोट सिंहाकडे वळतं. मी आता म्हातारा झालेला चित्ता आहे. मसाई लोकांच्या गवताळ माळावर माझं आयुष्य गेलं. त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल मला थोडं बोलायचं आहे.

आईला आम्ही पाच पिल्लं झालो. एका सकाळी ती शिकारीला गेली असताना गवतातून सिंहीण आली. आई परतली तेव्हा मी आणि माझा भाऊ एवढेच उरलो होतो. आई सिंहिणीच्या अंगावर धावून गेली नाही. तिनं आम्हाला एकेक करून तोंडात धरलं आणि दुसरीकडे नेलं. मला तिचा फार राग आला होता.

मोठा झाल्यावर कळलं. आमचं अंग धावण्यासाठी घडलेलं आहे. पाय लांब, कंबर बारीक, डोकं लहान, जबडाही लहान. सिंह आमच्या तिपटीनं जड. तरस हाडं फोडून खातो. बिबळ्या आमच्यासारखाच ठिपक्यांचा, पण त्याच्याशी झटापट झाली तर फाटतो आम्हीच. शिवाय सिंहाचा पाय दुखावला तर त्याचा कळप शिकार करतो आणि तो खातो. आमचा पाय लंगडला की शिकार संपली, आणि शिकार संपली की आम्हीही संपलो. म्हणून आईनं शिकवलं ते एवढंच: वेगानं धर, पटपट खा, आणि मोठं कुणी आलं तर ताट सोडून ऊठ.

पुढे आई तिच्या वाटेनं गेली. आम्ही दोघे भाऊ मात्र एकत्र राहिलो. एक खाताना दुसरा मान वर करून चारी दिशा बघायचा. मग त्यानं खायचं आणि पहिल्यानं बघायचं. आम्ही गुरांच्या जवळपास वावरत असू, कारण गुराख्यांच्या लाल चादरी दिसल्या की दिवसा सिंह तिकडे फिरकत नाहीत. आम्ही वासरांना कधी तोंड लावलं नाही आणि गुराख्यांनी आम्हाला कधी हाकललं नाही.

त्या गुराख्यांत दोन दोस्त होते. सिरोंका बुटका आणि शांत. पारसालोय उंच आणि तोंडाळ. सिरोंकानं कधीकाळी त्याला एक गाय दिली होती. त्यांच्याकडे असं देणंघेणं झालं की माणसं एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत, त्या जनावरावरून मारतात. म्हणून हे दोघे एकमेकांना 'गाईसोयऱ्या' म्हणायचे.

एकदा आम्ही दोघे एका मोठ्या विल्डबीस्टवर, म्हणजे गाईएवढ्या शिंगाळ हरणावर, नजर लावून बसलो होतो. ते दोघे वारुळावर काठ्या टेकून उभे होते.

"बघ, तुझे रडतोंडे कुणाकडे बघतायत," आमच्या डोळ्यांखालच्या आसवांसारख्या काळ्या रेघांवरून चिडवत पारसालोय म्हणाला. "शिंगं दिसत नाहीत का त्यांना?"

"दोघं आहेत ना."

"दोन मांजरं मिळून एक सिंह होतो का? अरे, सिंह मारला तर पोरी गाणी रचतात. चित्ता मारून घरी गेलो तर बायको म्हणेल, आधीच रडत होतं बिचारं, त्याला कशाला मारलंस?"

"लाव पैज. विल्डबीस्ट पडला तर तुझी तपकीर माझी."

"आणि नाही पडला तर?"

"तर तू बोल, मी ऐकतो. तसंही रोज ऐकतोच की."

आम्ही उठलो. मित्रांनो, ते धावणं मी तुम्हाला कसं सांगू! पहिल्या चार झेपांत गवत दिसेनासं होतं. फक्त ती काळी शेपूट दिसते आणि ती जवळ जवळ येते. विल्डबीस्ट डावीकडे वळला, मी शेपटीनं तोल सावरून वळलो. तो थांबून शिंगं रोखणार एवढ्यात भावानं मागून त्याच्या पुठ्ठ्यावर पंजा अडकवला. त्याचे मागचे पाय लटपटले. मी खालून शिरलो आणि गळा धरला. तो मला फरफटत घेऊन गेला. दात निसटतील असं वाटलं, पण मी सोडलं नाही आणि भावानंही सोडलं नाही. आमच्या तिपटीहून जड जनावर धाडकन आडवं झालं.

"काढ तपकीर," सिरोंका म्हणाला.

"निम्मी संपलीय."

"तोंड चालवायच्या आधी बघायचं होतंस."

आमचं कौतुक झालं, आणि ते आम्हाला चढलं. आता मोठ्या जनावरांशी आपण बरोबरी करू शकतो असं आम्हाला वाटायला लागलं. पाऊस सरला, विल्डबीस्टचे कळप दूर गेले, तेव्हा आम्ही झेब्र्याच्या शिंगरावर धावलो. त्याचा बाप आडवा आला. त्यानं मागच्या पायांची एकच लाथ झाडली. ती भावाच्या पुढच्या पायावर बसली.

तो तीन पायांवर उड्या मारत एका काटेरी झुडपात शिरला आणि तिथंच पडून राहिला. मी छोटी हरणं मारत होतो. पण आम्हाला शिकार तोंडात धरून फार लांब नेता येत नाही. मी भावाला बोलवायचो, तो निघायचा, आणि तो पोचण्याआधी आकाशातली गिधाडं बघून तरस पोचायचे. मी आईचं ऐकायचो, ताट सोडून उठायचो. भावाच्या बरगड्या दिसायला लागल्या. पुढे पुढे तर मी बोलावलं तरी तो उठेना.

तेव्हा मी ठरवलं की शिकार त्याच्या दारातच पाडायची आणि ती मोठी असली पाहिजे. मी झुडपाच्या सावलीत दबा धरून बसलो. ऊन चढलं. इंपाला हरणांचा कळप चरत चरत जवळ आला. त्यातला नर धष्टपुष्ट होता, त्याची शिंगं लांब होती. एकट्यानं त्याच्या वाट्याला जाऊ नये हे मला माहीत होतं. तरी मी गेलो. धावणं थोडंच झालं, झटापट फार झाली. त्याचं शिंग माझ्या कानाशेजारून गेलं. शेवटी तो पडला, आणि मी पडलो त्याच्या शेजारी. छाती एवढी धडधडत होती की घासही घेता येईना.

आणि तेवढ्यात तरस आला.

एकटाच होता, पण केवढा! मानेचाच घेर माझ्या कमरेच्या दुप्पट. तो धावलाही नाही. ही मांजर आता उठेल, हे त्याला ठाऊक होतं. मीही उठलो, पण गेलो नाही. मी पाठ कमानीसारखी उंच केली, मान खाली घातली, दात विचकले आणि पुढचे दोन्ही पंजे जमिनीवर आपटले. धूळ उडाली. तरस थबकला. त्याच्या जन्मात असं घडलं नव्हतं. माझ्याही नव्हतं. तो एक पाऊल पुढे आला, मी पुन्हा पंजे आपटले. आतून मात्र मला कळत होतं की त्यानं एकदा जबड्यात धरलं तर खेळ खलास. म्हणून मी भावाला हाका मारायला सुरुवात केली.

मित्रांनो, हसू नका. चित्त्याला डरकाळी फोडता येत नाही. आम्ही हाक मारतो ती पाखरासारखी, चिवचिव करून.

ही चिवचिव नेमकी पारसालोयनं ऐकली. लेकीचं लग्न तोंडावर आलेलं. म्हाताऱ्यांना मध पाजल्याशिवाय आशीर्वाद मिळत नाही, म्हणून तो कुऱ्हाड घेऊन मध दाखवणाऱ्या पाखराच्या शोधातच फिरत होता. ते पाखरू ओरडत पुढे जातं आणि माणसाला पोळ्यापाशी नेतं.

"गाईसोयऱ्या, पाखरू! चल लवकर!" असं ओरडून, शीळ घालत तो झुडपं तुडवत आला. माझ्या हाकेला तो शिळेनं उत्तर देत होता. मी आणखी जोरात हाका मारल्या. काटे बाजूला झाले आणि लाल चादरीचा तो उंच माणूस कुऱ्हाड घेऊन तरसाच्या पुढ्यातच उभा राहिला.

कोण जास्त घाबरलं ते मला सांगता येणार नाही. पळाला मात्र तरस. शेपूट पायांत घालून, वळूनही न बघता पळाला.

मी चार पावलं मागं सरकलो. पारसालोय जागच्या जागी थिजला होता. मागून सिरोंका आला आणि त्याला सगळं दिसलं: इंपाला, मी, आणि झुडपातून सरपटत बाहेर येणारा माझा भाऊ.

"मागच्या खेपेला मध काढलास, तेव्हा पाखराला वाटा ठेवलास का?" सिरोंकानं विचारलं.

"थोडाच होता रे."

"म्हणजे नाही ठेवलास. मग ते तुला जनावरासमोरच आणणार. बापजाद्यांनी सांगितलंय ते उगाच नाही."

"तरस अंगावर आला असता तर लेकीचं लग्न कुणी लावलं असतं?"

"मी लावलं असतं. आणि भाषणं कमी झाली असती." भाऊ इंपालापर्यंत पोचला होता. मांस फाडायला त्याच्या अंगात जोर नव्हता, तो नुसता चाटत होता. सिरोंका हळू म्हणाला, "पाय मोडलाय याचा. दुसरा याला जेवायला बोलवत होता. पाखरू नव्हतंच ते."

पारसालोयनं शीळ घालून गुरं झुडपाच्या भोवती वळवली. तिथलं गवत काही चांगलं नव्हतं. तरी उन्हं उतरेपर्यंत गुरं तिथंच चरली आणि एकही तरस जवळ आला नाही. मी मांस फाडून दिलं. भावानं पोटभर खाल्लं.

त्याचा पाय सांधला, पण वाकडा. पुढे धावणं माझं आणि धरणं त्याचं, अशी आम्ही वाटणी केली. तशा मोडक्या जोडीनंही आम्ही पुन्हा विल्डबीस्ट पाडले! गेल्या उन्हाळ्यात तो झोपला तो उठला नाही. आता मी खातो तेव्हा मान पुन्हा पुन्हा मलाच वर करावी लागते, आणि घास थंड होतो.

आम्ही सिंहाएवढे बलवान नाही, मित्रांनो. तरसाशीही आम्ही हरतो. म्हणून एक मागणं आहे. कधी आमच्या माळावर आलात आणि चित्ता शिकारीपाशी धापा टाकत बसलेला दिसला, तर गाड्या पुढे घालू नका, गर्दी करू नका, ओरडू नका. त्याला वेळ थोडा असतो. आणि मागच्या झुडपात कुणीतरी अजून जेवायचं राहिलेलं असू शकतं.