बंदवाली

तिनं ती पारदर्शक पट्टी खिडकीपाशी नेली आणि उजेडात धरली. शहाण्णव खाचांपैकी बहुतेक पिवळ्याधमक झाल्या होत्या. सातव्या रांगेतल्या तेवढ्या पाण्यासारख्या नितळ.

सकाळपासून ही तिसरी खेप. तिसऱ्यांदाही तेच.

चाचणी तशी साधी. बाटलीतून येणारं फॉस्फटेज नावाचं विकर समोरच्या द्रव्यावरचा फॉस्फेट काढून टाकतं. तो निघाला की द्रव्य पिवळं होतं. शिंपल्यांत विष असेल तर ते नेमकं विकराच्या तोंडात जाऊन बसतं. मग फॉस्फेट निघत नाही आणि रंगही येत नाही. पेशीत हे विकर असं सुटं फिरत नाही. सोबतीला आणखी प्रथिनं असतात. कुठे जायचं, कोणाचा फॉस्फेट काढायचा, कधी हात आवरायचा, हे त्यांच्यामुळे ठरतं. बाटलीतलं मात्र एकटंच असतं. समोर येईल त्यावर काम करतं.

यंत्रानं आकडा दिला, दोनशे चौदा. मर्यादा एकशे साठ. आणि सातवा नमुना खाडीच्या मुखाजवळचा, म्हणजे तिचा दादा शिंपले वाढवायचा त्या दोरांवरचा.

तिनं हातमोजे काढले, टेबल पुसलं, पुसलेलं टेबल पुन्हा पुसलं. मग खाडीबंदीचा, म्हणजे शिंपले काढायला-विकायला मनाई करणारा कागद छापायला घेतला.

दोन वर्षांपूर्वी ऐन हंगामात तिनं अशीच खाडी बंद केली होती. तेव्हापासून दादानं तिच्या घरी पाऊल टाकलं नव्हतं. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं तिला कधीकधी वाटे. नुसतं येणं थांबलं. भाजीवाली पिशवी हातात द्यायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागायची. शिंपलेवाल्यांनी तिचं नावच ठेवलं होतं, बंदवाली. प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या तपासनिसाची बदली झाल्यापासून दुपारचा डबाही ती शीतकपाटाच्या घरघरीशेजारी बसून एकटीच खायची.

दुपारी ती कागद घेऊन खाडीकाठच्या शेडमध्ये गेली. उद्याच्या गाडीसाठी शिंपल्यांची पोती भरणं चालू होतं.

"आली बंदवाली," कोणीतरी म्हणालं. "चला, दुकानं आवरा."

तिनं कागद खांबाला चिकटवला. शिंपलेवाल्यांचा अध्यक्ष चष्मा कपाळावर चढवून तो वाचू लागला.

"पाणी तर आरशासारखं आहे. शेवाळ कुठे दिसतंय तुम्हाला?"

"डोळ्यांना दिसत नाही ते. शिंपले पाणी गाळतात, त्यातून शेवाळाचं विष त्यांच्यात साठतं. उकळलं तरी जात नाही."

"मी परवा ताटभर खाल्ले. हा बघा, उभा आहे तुमच्यासमोर."

"परवाचे वेगळे असतील. एका दोरावर असतं, दुसऱ्यावर नसतं."

"म्हणजे तुमच्या बाटलीला कळतं आणि आमच्या पोटाला कळत नाही?"

माणसं हसली. तिनं समजावून सांगायचा प्रयत्न केला. आतड्याच्या पेशी एकमेकींना धरून असतात. त्या धरणाऱ्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवणारा एक असतो आणि काढणारा दुसरा. हे विष काढणाऱ्यालाच बंद पाडतं. चिकटवणाऱ्याला मग अडवणारं कोणी उरत नाही, पेशींची पकड सैल होते आणि पाणी आतड्यात झिरपतं. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की ऐकत कोणीच नाही. पोती पुन्हा भरली जात होती.

दादा मागे, तराजूजवळ उभा होता. तिच्याकडे न बघता त्यानं विचारलं,

"माणूस मरतो का यानं?"

दोन वर्षांत त्यानं तिला विचारलेला हा पहिला प्रश्न.

"नाही," ती म्हणाली. "दोन-तीन दिवस जुलाब, उलट्या. लहान मुलांचे, म्हाताऱ्यांचे जास्त हाल होतात."

"घ्या! पोट साफ करायचं औषध," अध्यक्ष म्हणाला, आणि शेडभर हशा पिकला. "उद्या गाडी जाणार म्हणजे जाणार. तुम्ही वर कळवा, नाहीतर आणखी वर कळवा."

तिनं खरंच वर कळवलं. साहेब म्हणाले, सोमवारी माणूस पाठवतो. गाडी शनिवारी निघायची होती.

घरी आल्यावर ती चपला न काढताच खुर्चीत बसून राहिली. अध्यक्षाच्या बोलण्याचं तिला काही वाटलं नव्हतं. तो प्रश्न मात्र मनातून जाईना. तिला तोंडघशी पाडायला दादानंच तो त्यांच्या हातात दिला होता.

सकाळी वहिनीचा फोन आला.

"वन्सं, ह्यांना दवाखान्यात ठेवलंय. काल तुम्ही गेल्यावर शेडमध्ये पातेलं चढवलं आणि सगळ्यांसमोर बसून खाल्ले. आपल्याच दोरांवरचे. दोन तासांत आडवे झाले."

मला खोटं पाडायला खाल्ले, हाच विचार तिच्या मनात पहिल्यांदा आला. त्याची तिला लाज वाटली, तरी तो गेला नाही.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर अध्यक्ष भेटला. चष्मा हातात होता.

"गाडी रद्द केली," तो तिच्या खांद्यापलीकडे बघत म्हणाला. "पोती परत पाण्यात सोडली. डोळ्यांदेखत बघितल्यावर कोण पाठवणार?" आणि घाईघाईनं उतरून गेला.

वहिनी बाकावर बसली होती. रात्रभर जागल्यानं डोळे सुजले होते.

"आता उलट्या थांबल्यात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगातलं पाणी फार गेलं नाही म्हणून बरं. घरी आणल्या आणल्या मीठ-साखरेचं पाणी पाजलं ना मी."

"बरं सुचलं तुम्हाला."

"मला कुठलं सुचतंय? ह्यांनीच करायला सांगितलं होतं. पातेलं न्यायला घरी आले, तेव्हाच. म्हणाले, कळशीभर करून ठेव. मी म्हटलं, अहो, कोणाला बरं नाही? तर म्हणाले, लागेल." वहिनीनं पदरानं तोंड पुसलं. "आणि पोरी मागे लागल्या होत्या, आम्हीपण येतो म्हणून. एवढं ओरडले त्यांच्यावर! कधी ओरडत नाहीत हो."

दादाचा कालचा प्रश्न तिला आठवला. वहिनीच्या शेजारी बसायला म्हणून वळली आणि तशीच उभी राहिली.

आत दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. हाताला सलाईन. चेहरा एका रात्रीत उतरला होता. तिची चाहूल लागली तसं त्यानं मान वळवली, पण नजर छतावरच ठेवली.

"किती आला होता आकडा?"

"दोनशे चौदा."

"हं." त्यानं चादर वर ओढली. "बरोबर असेल मग."

"दादा, तू..."

"काही बोलू नकोस," तो म्हणाला. "पोटात कळ येते."

तिनं कोपऱ्यातलं स्टूल उचललं, आवाज होऊ न देता पलंगाजवळ ठेवलं आणि बसली. त्यानं पाय जरासे आत घेतले, तिची पिशवी ठेवण्यापुरते.