धार पुसायची नसते

सारजाबाईंनी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं होतं, पण न केलेल्या कामाचा ठपका नाही. कोळवणातल्या नव्या फार्महाऊसच्या हॉलमध्ये मालक शरदचंद्र फोनवर सुताराला सांगत होते, "धनाजी, अहो, आमच्या बाईंनी बादली ओतून पुसलंय! सागवानाची वाट लागली." आणि बाई समोर उभ्या!

जमिनीच्या भिंतीकडेच्या सगळ्या फळ्या कडांनी उचलल्या होत्या, भाजलेल्या पापडासारख्या. लाकडाला अजून पॉलिश झालं नव्हतं. तोवर पाण्याचा थेंब लावू नका, असं धनाजीनं दहादा बजावलं होतं. पण मुहूर्त पॉलिशसाठी थोडाच थांबतो? वास्तुशांत उरकली, सारजाबाई आवरून गेल्या, मालक किल्ली घेऊन बावधनला. आठ दिवसांनी आज घर उघडलं तर हे.

"विश्वासानं घर सोपवलं होतं तुमच्यावर," मालकीणबाई कल्पनाताई म्हणाल्या. "आता दुसरी बाई बघावी लागेल."

सारजाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चोराच्या उलट्या बोंबा! या खोऱ्यात चार बंगल्यांची कामं त्यांच्या हातात होती, ती नुसत्या नावावर. ते नाव या बाईसाहेब फळीबरोबर उखडून टाकणार?

"हिकडं या, साहेब," त्या म्हणाल्या. "मधली एक तरी फळी उठलीया का? मधलं सोडून म्या निस्तं भित्तीकडंच पुसलं व्हय?"

शरदचंद्रांनी वाकून मधल्या फळीवर हात फिरवला.

"वास्तुशांतीला घराभवती दुधापाण्याची धार सोडायची हुती. भायेर पाऊस, म्हणून तुमी आतनंच भित्तीकडंनं फिरलात. तांब्यावर तांब्या! म्या फडकं घिऊन वाकले, तवा ताई, तुमी काय म्हणलात?"

कल्पनाताईंचा चेहरा उतरला. "धार पुसायची नसते," त्या पुटपुटल्या.

सारजाबाईंनी फटीतला वाळका पांढरा थर नखानं खरवडला आणि बोट पुढे धरलं. "बादलीत दूध घालतं का कुणी?"

"बरं बरं," शरदचंद्र म्हणाले. "झालं ते झालं. विषय सोडा आता. पंखा लावा जरा, वाळू दे."

सोडा म्हणे! बोंब मारताना फोन सापडतो आणि चूक कळली की विषय सोडायचा. सारजाबाई जागच्या हलल्या नाहीत.

"त्याच धनाजीला फोन लावा. माझ्या म्होरं लावलावता, माझ्या म्होरंच लावा. पंख्याचं मागनं बघू."

शरदचंद्रांनी बायकोकडे पाहिलं. बायको खिडकीबाहेर बघत होती. शेवटी त्यांनी फोन लावला.

"धनाजी, ते पाणी... बाईंनी नाही सांडलं."

"मग कुणी वतलं, साहेब?"

शरदचंद्रांनी घसा खाकरला. एकदा, दोनदा.

"आम्ही," ते म्हणाले.

सारजाबाईंनी मग पंख्याचं बटण दाबलं.