पालथे मांडलेले बंदर

मित्रांनो, तळोज्यात सुगराच्या घरी फडताळाच्या अगदी वरच्या कप्प्यात बिस्किटांचा एक गंजका डबा आहे. त्यात बिस्किटे नाहीत, मी आहे. मी तुकडे जुळवून चित्र करायचा एक जुना लाकडी खेळ आहे. एके काळी माझे दोन हजार तुकडे होते. आता किती उरले ते विचारू नका. म्हाताऱ्याला त्याचे दात विचारू नयेत, तसेच हे.

माझा जन्म विलायतेतला. तिथे एक रंगीत चित्र पातळ फळीवर चिकटवले गेले आणि पायाने चालणाऱ्या बारीक करवतीवर एका बाईने मला कापले. बाई हुशार आणि जरा खट्याळ होती. चित्रातला रंग जिथे बदलतो, नेमकी तिथूनच ती करवत फिरवायची, म्हणजे जुळवणाऱ्याच्या डोळ्यांना शेजारचा तुकडा ओळखूच येऊ नये. त्या काळी आमच्या खोक्यावर चित्रही छापत नसत. आपण काय जुळवतो आहोत ते जुळवून झाल्यावरच कळायचे. त्यातच खरी गंमत, असे तिकडचे लोक म्हणत. पनवेलला आल्यावर त्या गमतीचे काय झाले, तेच आज सांगतो.

माझे चित्र कसले आहे ते तुम्हाला आधीच सांगून टाकतो. माझ्यात एक मोठे हिरवे कुरण आहे. त्यात तांबड्या गाई चरत आहेत. वर निळे आभाळ आहे, आणि कुरणातून जाणाऱ्या पायवाटेवर एक माणूस पाठमोरा चालला आहे. बस्स, एवढेच. माझ्यात समुद्र नाही, बोट नाही, बंदर तर नाहीच नाही. हे नीट लक्षात ठेवा.

पहिल्या घरातली मुले मोठी झाली, खोके फाटले, आणि बिस्किटांच्या डब्यात बसून मी लिव्हरपूल बंदरातल्या एका जुन्या बाजारात आलो. तिथे मला दाऊदने उचलले. दाऊद पनवेलचा खलाशी. बोटीच्या भट्टीत कोळसा टाकायचे त्याचे काम. घरी गेला की बायको शहाबानो त्याला विचारायची, "तुम्ही इतके महिने जिथं असता ते गाव तरी कसं असतं?" दाऊदला बोलून सांगता येत नसे. त्याने डब्यातले निळे तुकडे काढून पाहिले, समोरच्या बोटींकडे बोट दाखवले आणि दुकानदाराला खुणेने विचारले, हे इथलेच चित्र का? दुकानदाराला दुकान बंद करायची घाई होती. त्याने मान हलवली. बिचारा दाऊद खूश झाला.

स्वातंत्र्य मिळून दोनएक वर्षे झाली होती. मोहल्ल्यातल्या घरी, ओटीवर चादर अंथरून दाऊदने मला ओतले.

"मी असतो ते बंदर यात आहे," तो म्हणाला. "मी येईपर्यंत जुळव. आलो की बोट ठेवून दाखवीन, इथं आमची बोट लागते, इथं मी चहा पितो."

"या अल्ला, एवढे तुकडे! तोवर तुम्ही म्हातारे व्हाल," शहाबानो हसत म्हणाली.

त्यांची लेक सुगरा तेव्हा पाळण्यात होती. जाताना दाऊदने तिच्या मुठीत माझाच एक तुकडा दिला आणि ती लगेच तो चोखू लागली. त्यावर अजून तिच्या पहिल्या दाताची खूण आहे. दाऊद गेला तो गेलाच. त्याची बोट मुंबईला परतली आणि त्याच्याबरोबरचा एक खलाशी मान खाली घालून ओटीवर येऊन बसला.

"चाचा, दाऊद त्या बंदरात उतरला तो परत आलाच नाही. आम्ही शोधला. बोट थांबेल तेवढी थांबली, मग सुटली."

तो हे सांगत होता दाऊदच्या बापाला. मुनाफचाचा म्हणजे पनवेलच्या खाडीतून मुंबईला मिठाचे मचवे नेणारा जुना तांडेल. अख्खा जन्म पाण्यावर गेलेला माणूस, पण विलायतेचे बंदर त्यानेही पाहिले नव्हते. दाऊद मेला म्हणावे तर मयत नाही. जिवंत म्हणावे तर चिठ्ठी नाही, निरोप नाही. मोहल्ल्यात कुणी म्हणे बुडाला, कुणी म्हणे तिकडेच निकाह लावून बसला. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

काही दिवसांनी शहाबानोने डबा उघडला. ज्या गावाने आपला माणूस गिळला ते गाव तिला बघायचे होते. ते दिसले की आपल्याला काहीतरी कळेल, असे तिच्या मनाने घेतले. उरणहून तिचा भाऊ आला होता. तो म्हणाला, "माहेरी चल. तुझं वय काय, पुढचं बघायला हवं." तिने सांगितले, "ही तसवीर पुरी होऊ दे. मग ठरवते."

मला पसरायला मोठी, सपाट जागा लागते. ती त्या घरात एकच होती, ओटीवरची शहाबादी फरशी. मुनाफचाचा नमाज पढायचा तीही तिथेच. पहिल्याच दिवशी त्याने माझा एक तुकडा उचलून उजेडात धरला.

"बेटी, यात डोळा आहे. जहाजावरचा माणूस असेल कुणीतरी. माझ्या नमाजाच्या जागी जिवाची अशी उघडी तसवीर नको."

शहाबानोचे हात थांबले. म्हातारा बराच वेळ दाढी कुरवाळत बसला. त्यालाही ते गाव बघायचे होते; मुलगा त्याचाही होता.

"असं कर," तो शेवटी म्हणाला, "पालथी मांड. तुकडे पालथे घालून जुळव. पुरी झाली की अंगणात नेऊन एकदाच उलटू."

शितावरून भाताची परीक्षा करतात, तशी त्याने एका तुकड्यावरून चित्राची केली होती. पण मित्रांनो, तो डोळा गाईचा होता. मला सुलटे मांडले असते तर आठ-पंधरा दिवसांत कुठेतरी शिंग दिसले असते, शेपूट दिसले असते, आणि सगळे तिथेच संपले असते. रडली असती ती थोडे दिवस, मग भावाबरोबर गेली असती. मला ओरडून सांगावेसे वाटे की बाई, माझ्यात तुझे बंदर नाही. पण दोन हजार तुकड्यांत मला एक जीभ कुणी दिली नव्हती.

मग सुरू झाले ते काम कुणाच्या दुश्मनालाही लागू नये. माझी पाठ म्हणजे नुसते उघडे, कोरे लाकूड. त्यावर ना रंग, ना आकार. करवतवाल्या बाईची सगळी हुशारी डोळ्यांना चकवण्याची होती. शहाबानो बोटांनी जुळवत होती. भाकऱ्या झाल्या, पाणी भरून झाले, सुगरा झोपली की ती माझ्यापाशी बसायची. तुकड्याची कड अंगठ्याने चाचपायची, लाकडाच्या बारीक रेघा एकातून दुसऱ्यात जातात का ते बघायची. एखाद्या दिवशी दोन तुकडे बसत. कित्येक दिवस एकही बसत नसे. आणि आमचे तुकडे एकमेकांत अडकतही नाहीत, नुसते शेजाऱ्यासारखे टेकून राहतात. एकदा कोंबडी ओटीवर चढली आणि महिन्याभराची मेहनत पायाने विस्कटून निघून गेली. शहाबानोने तिला हाकललेसुद्धा नाही. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

पावसाळ्यात तर माझे तुकडे फुगायचे, एकमेकांना जागा देईनात. मग शेजारच्या महादेव सुताराने दिलेल्या रुंद फळीवर मला जपून सरकवून माळ्यावर ठेवत. पनवेलला तेव्हा गाड्यांची चाके करणारे बरेच सुतार होते, महादेव त्यांतलाच एक.

तुकडा उचलताना त्याचा रंग निसटता दिसायचाच. निळा दिसला की शहाबानो म्हणायची, "अब्बा, दर्या." हिरवा दिसला की मुनाफचाचा म्हणायचा, "खोल पाणी असंच हिरवं असतं." तांबडा दिसला की तो म्हणे, बोटीचे बूड. माझ्या गाई अशा एकेक करून बोटी होत गेल्या. आशा मोठी कारागीर असते. करवत न लावता ती हवे ते घडवते.

त्या घरी मीठ विकायला गंगाबाई यायची. खाडीकडच्या मिठागरातली आगरीण, तोंडाने फटकळ, मनाने लोण्यासारखी. पाटी उतरवून ती माझ्याकडे बघत कमरेवर हात ठेवायची.

"काय गो बाय, अजून जुलला नाय तुजा विलायतेचा गाव? तवर आमची समदी मिठागरा वाहून जातील!"

"होईल गं, गंगाबाई."

"होईल, होईल! डोल्यांच्या खाचा व्हतील तवा होईल. जा भावाकरं. तुला सांगना म्हंजे पालथ्या घर्‍यावर पानी."

पण एकदा माझा एक तुकडा उडून तिच्या पाटीत गेला. आठवड्याने तो मिठाखाली सापडला, तेव्हा तेवढ्यासाठी ती भर उन्हात मिठागरातून चालत आली. "घे तुजा गाव," एवढेच बोलून तिने तो पदराने पुसला आणि शहाबानोच्या हातावर ठेवला. मीठ त्याच्या लाकडात मुरले होते. चुलीजवळ किती वाळवला तरी हवेत ओल आली की तो तुकडा घामेजायचा. पायवाटेवरच्या पाठमोऱ्या माणसाचा तुकडा होता तो. हे फक्त मला ठाऊक होते.

वर्षे गेली. सुगरा परकर नेसून घरात वावरू लागली. मुनाफचाचाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्याला नुसता उजेड-अंधार कळायचा. तो रोज विचारायचा, "किती राहिलं, बेटी?" मधून एखादा कोपरा उचलून बघावा, असे शहाबानोला वाटले नसेल का? एकदा तिची बोटे माझ्या कडेखाली गेलीही होती. पण तिने ती काढून घेतली. मला वाटते, तिला भीती वाटली.

एका सकाळी शेवटचा तुकडा बसला. महादेवने दुसरी फळी आणली, मला दोन फळ्यांत धरून चाकावर लोखंडी धाव बसवतात तसे दोरांनी करकचून आवळले आणि अंगणात नेऊन उलटे केले. मग तो आपल्या कामाला निघून गेला. अंगणात राहिली घरची माणसे आणि मिठाची पाटी घेऊन आलेली गंगाबाई. शहाबानोने दोर सोडले, वरची फळी बाजूला केली.

इतक्या वर्षांनी मी आभाळ पाहिले. आणि शहाबानोने मला पाहिले.

तिच्या चेहऱ्याचे काय झाले ते मी सांगणार नाही. गाई निवांत चरत होत्या. त्या वेळी मला माझ्या गाईंचा, माझ्या त्या सुंदर कुरणाचा इतका राग आला, की पुन्हा विस्कटून डब्यात पडावे असे वाटले.

"अम्मी, ह्या तर..." सुगरा बोलू लागली. शहाबानोने तिचा हात घट्ट दाबला.

मुनाफचाचा खाटेवर पुढे झुकून बसला होता. त्याची बुबुळे पांढरी झाली होती आणि ओठ हलत होते. "बोल ना बेटी. दिसलं का? कसं आहे?"

शहाबानोने पदर सावरला.

"बंदर आहे, अब्बा. फार मोठं आहे."

"पाणी?"

"हिरवं. लांबवर हिरवंच हिरवं."

"मी म्हटलं होतं ना! आणि बोटी?"

शहाबानोच्याने ते पुढे रेटेना. तेव्हा गंगाबाई पुढे आली. तिलाही डोळे होते आणि गाय काय असते हे तिला चांगले कळत होते.

"बोटी इचारता, चाचा?" ती मोठ्याने म्हणाली. "आगो माजे बाय! उरनच्या बंदराव नसतील येवऱ्या हायेत. तांबऱ्या तांबऱ्या, एकीला लागून एक. न् मानसांची जत्रा भरलीय नुसती!" बोलता बोलता तिने तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

"आणि आपला दाऊद?" म्हाताऱ्याने हळूच विचारले. "दिसतो का कुठं?"

शहाबानो खाली वाकली. तिचे बोट माझ्या पायवाटेवर आले, त्या खारट तुकड्यावर थांबले.

"एक माणूस आहे, अब्बा. पाठमोरा आहे. चाललाय."

"कुणीकडे?"

"घराकडे," ती म्हणाली.

माझ्या चित्रात घर कुठेच नाही.

मुनाफचाचा त्यानंतर फार दिवस जगला नाही. पण जगला तोवर मशिदीच्या पायरीवर बसून सगळ्यांना सांगायचा, "माझ्या सुनेनं पाहिलं ते बंदर. एवढी गर्दी, एवढ्या बोटी! तिथं कुणीही हरवेल. माझ्या पोराचा काय कसूर?" त्याने मुलाला माफ केले आणि शांतपणे डोळे मिटले. म्हाताऱ्याशी खोटे बोलायला दोघी बायका होत्या. शहाबानोशी खोटे बोलायला कुणीच नव्हते.

भाऊ पुन्हा आला आणि एकटाच परत गेला. तिने मला स्वतःच्या हाताने मोडून डब्यात भरले. पुढे सुगराचे लग्न होऊन ती तळोज्याला आली, तिच्या सामानातून मीही आलो. आता तिची मुले कधी डबा खाली काढतात, माझ्या तुकड्यांनी अंगणात खेळतात. काही गटारात गेले, एक खाटेच्या पायाखाली टेकण म्हणून आहे. त्यांना मी रागावत नाही. मुले ती मुलेच.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. जुना खेळ हाती आला तर त्याचे तुकडे सांभाळा. कुणी कशासाठी ते जुळवले होते हे आपल्याला ठाऊक नसते. आणि सगळे सांभाळता आले नाहीत, तरी माझा तो एक खारट तुकडा हरवू नका. पावसाळ्यात शहाबानो लेकीकडे राहायला येते. केस पिकले आहेत, बोटे वाकडी झाली आहेत. मुले शाळेत गेली की ती डबा उतरवते, डोळे मिटून आत हात घालते आणि ओलसर लागतो तो तुकडा बरोबर बाहेर काढते. मग तो हातात धरून दारात बसते. पाठमोऱ्या माणसाकडे ती कधी बघत नाही. ती तुकडा पालथाच धरते, त्याच्या कोऱ्या बाजूवरून अंगठा फिरवत राहते. त्या बाजूला अजून बंदर आहे.