ऊन, कबुतरं आणि तलाकची शपथ

माझ्या नवऱ्याला, बदवीला, राग आला की तो कपबशा फोडत नाही, शपथ घेतो. आमच्या शुब्रा वस्तीतले निम्मे पुरुष असेच. भाजीवालासुद्धा ‘पैसे घेतले तर बायकोला तलाक’ अशी शपथ घेतो आणि पैसे मोजून घेतो. पण बदवीने गच्चीवर पाळलेली कबुतरं मी झाडू घेऊन हाकलली, त्या दिवशी तो जिन्यात उभा राहून ओरडला, “पुन्हा गच्चीवर आलीस तर तुला तलाक!” अख्ख्या इमारतीने ऐकलं.

मी म्हटलं, बरंच झालं. गच्ची धुवायचं टळलं.

मग माझे पाय दुखायला लागले. दोन पायऱ्या चढले की कठड्याला लटकायची. डॉक्टर नर्मीनबाईंनी रक्त तपासलं. “उम्म सामेह,” त्या म्हणाल्या; सामेहची आई म्हणून मला सगळे अशीच हाक मारतात. “तुमच्या अंगात ड जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच.”

“असं कसं? रोज दूध पिते, चीज खाते!”

“त्या झाल्या हाडांच्या विटा. गवंडी कुठाय? बहुतेक जीवनसत्त्वं शरीराला स्वतःला करता येत नाहीत, खाण्यातून मिळवावी लागतात. लागतात चिमूटभरच, पण नसली की सगळं अडतं. हे ड तेवढं अंगावर ऊन पडलं की कातडी बनवते. गोळ्या देते, पण रोज थोडं उन्हात बसा.”

“बसते की बाल्कनीत.”

“काचा लावलेल्या?”

“मग? धूळ केवढी येते!”

“काचेतून नुसती ऊब येते. ड नाही बनत.”

आमची गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या खिडकीतून मी मीठ मागून घेते. ऊन पडतं ते फक्त गच्चीवर. आणि गच्चीवर तलाक.

बदवीचा चेहरा पडला. “मी रागात बोललो गं!”

“बोललात ना? मग चला आता मशिदीतल्या शेखसाहेबांकडे.”

शेख अतियांनी विचारलं, “बायको खरंच सोडायची होती?”

“तोबा! नुसता धाक दाखवला.”

“मग दहा गरिबांना जेवू घाल, शपथ सुटेल. जे घरात खाता तेच.” मग ओठांवरून जीभ फिरवत ते म्हणाले, “तुझी कबुतरं गुबगुबीत आहेत म्हणे. पोटात भात भरून...”

बदवी पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी तो स्वयंपाकघरात टोपली घेऊन आला. आत दहा कबुतरं, वर त्याची लाडकी सुलताना. “घे. तुझे पाय बरे होऊ देत,” एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

इतकी वर्षं मला हेच तर हवं होतं. सुरी हातात होती. पण त्याचे खांदे हलताना पाहून मलाच गलबलून आलं.

“अहो अबू सामेह, शेखसाहेब काय म्हणाले? घरात खातो तेच ना? या घरात मी कधी कबूतर शिजवलंय?”

“मी शिजवू दिलं असतं तर ना!”

“मग उचला ती टोपली आणि बसा मसूर निवडायला.”

नाक पुसत तो बसला. दहा जण मसुराचं सूप पोटभर जेवले. शेखसाहेब मात्र तीनदा पातेल्यात डोकावून गेले.

आता मी रोज बाह्या सारून गच्चीवर बसते. गोळ्याही चालू आहेत, पायही हळूहळू ऐकायला लागलेत. काल सुलतानाने नेमकी माझ्या डोक्यावर घाण केली. मी झाडू उचलला. बदवी ताडकन उठला. “अल्लाची शपथ, जर का तू...”

“घ्या की शपथ,” मी म्हटलं. “घरातले मसूर संपलेत.”

त्याने खिशातला रुमाल काढला आणि माझं डोकं पुसायला लागला.